बॉम जीझसला तिचा गिलावा परत द्या

जुन्या गोव्यातल्या बॉम जीझस बॅसिलिकेचं चित्र डोळ्यांसमोर आणा म्हटलं, तर आपल्यापैकी बहुतेकांना एकच रंग आठवतो: तांबूस, काळवंडलेला, खडबडीत. शाळेच्या सहलींतले फोटो, पर्यटन खात्याची पोस्टरं, फ्रिजवर चिकटवायचे चुंबक, सगळीकडे ती तशीच असते. रस्त्यापलीकडचं से कॅथेड्रल पांढरं, शेजारचं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्चही पांढरं, ही एकटीच लाल. पाहणाऱ्याला वाटतं, बांधणाऱ्यांनी ती अशीच बांधली असणार. पण 1594 मध्ये सुरू होऊन 1605 मध्ये अभिषेक झालेली ही इमारत साडेतीन शतकं चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्याखाली उभी होती. जुन्या छायाचित्रांत तो गिलावा स्पष्ट दिसतो. तो खरवडून काढला गेला 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला, पोर्तुगीज अमदानी संपायला जेमतेम दहा वर्षं उरली असताना. म्हणजे ज्या रूपाला आपण ‘मूळ’ समजतो, त्याचं वय एखाद्या आजोबांएवढं आहे.

हा गिलावा परत चढवला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. गेली काही वर्षं गोव्यात हा वाद अधूनमधून उसळतो. बॅसिलिकेचे धर्मगुरू, वास्तुविशारद, पुरातत्त्व खातं, पर्यटनावर पोट असलेली माणसं, प्रत्येकाचं काही ना काही म्हणणं असतं. मग मृग लागतो, वाद थंडावतो आणि भिंत भिजत राहते. पुढच्या दसऱ्याला त्या भिंतीत दगड थोडा कमी झालेला असतो.

भिंत कशाची आहे, ते आधी पाहू. दर्शनी भागावरचे खांब, चौकटी आणि नक्षीकाम यांना लागलेला काळा बेसॉल्ट वसईहून आणलेला आहे. बाकी सारी इमारत जांभ्याची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या माणसाला जांभा सांगावा लागत नाही. चिरेखाण त्याच्या गावाबाहेरच असते. खाणीतून निघताना चिरा ओला आणि मऊ असतो, सहज तासता येतो, आणि हवा लागली की कडक होतो. फ्रान्सिस बुकॅननने दक्षिण भारतातल्या आपल्या प्रवासाचं वर्णन 1807 मध्ये छापलं, त्यात या दगडाचा हाच गुण त्याने नोंदवला आहे. पण कडक होतो म्हणजे तो बेसॉल्ट होत नाही. जांभ्यात लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा एक कडक सांगाडा असतो आणि त्या सांगाड्याच्या भोकांत मऊ माती बसलेली असते. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या चिऱ्याने स्वतःच्या वजनाच्या 12 टक्क्यांपर्यंत पाणी प्यायलं तरी चालतं आणि त्याचं दाबबळ, म्हणजे दाब सोसण्याची ताकद, दर चौरस मिलिमीटरला 3.5 न्यूटन असली तरी पुरते. हे आकडे दुमजली घराला ठीक आहेत. एवढ्या उंच भिंतींच्या, चारशे वर्षं जुन्या चर्चला त्यातली सूट फारशी उरत नाही, कारण ओला जांभा कोरड्या जांभ्यापेक्षा आणखी कमजोर असतो.

आता त्यावर गोव्याचा पाऊस घाला. वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. तो सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर झड मारतो. उघड्या चिऱ्याच्या भोकांत पाणी शिरतं, आतली माती हळूहळू धुपते, भोक मोठं होतं, शेजारच्या भोकाला मिळतं. भिंतीच्या छातीएवढ्या उंचीवरच्या एखाद्या चिऱ्यावर अंगठा फिरवून पाहा. बोटाला लाल भुकटी लागते. काही चिऱ्यांच्या कडा गोल झालेल्या दिसतात, काहींचा पृष्ठभाग मधमाशीच्या पोळ्यासारखा जाळीदार. भोकांत शेवाळ बसलेलं असतं आणि ते पाऊस थांबल्यावरही ओल धरून ठेवतं. कावळ्याने टाकलेलं पिंपळाचं बी अशाच ओल्या खोबणीत रुजतं.

हे झालं डोळ्यांना दिसणारं. खरं नुकसान भिंतीच्या पोटात होतं. अशा जुन्या जाड भिंती एकसंध नसतात. बाहेरून आणि आतून घडीव दगडाचे दोन पापुद्रे असतात आणि मधल्या जागेत डबर, तुकडे, चुना-माती यांची भर असते. बाहेरचा थर पाणी अडवेनासा झाला की ते या भरीपर्यंत पोहोचतं. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्यामुळे ते किंचित आम्लधर्मी असतं आणि चुना थोडा थोडा विरघळवून नेतं. एका पावसाळ्यात काही होत नाही. सत्तर पावसाळ्यांत पोकळ्या तयार होतात, भर खाली बसते, दोन्ही पापुद्र्यांमधला सांधा सुटतो आणि बाहेरचा पापुद्रा फुगायला लागतो. जोडीला क्षार असतात. जमिनीतून चढलेले, जुन्या-नव्या मसाल्यातून आलेले हे क्षार ओलीबरोबर पृष्ठभागाकडे सरकतात. पाऊस संपला, ऊन पडलं की पाणी उडून जातं आणि दगडाच्या कातडीखाली त्यांचे स्फटिक बनतात. स्फटिक फुगतात आणि दगडाचे पोपडे सुटतात. घराच्या भिंतीला लोणा लागतो तो हाच प्रकार.

चुन्याचा गिलावा या सगळ्याच्या आड उभा असतो. कोकणातला शेतकरी लावणीच्या वेळी डोक्यावर इरलं घेतो तसा. पाऊस त्याच्यावर पडतो, झिजतो तो, आणि आतला दगड वाचतो. शिवाय चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. आत शिरलेली ओल वाफ होऊन त्यातून बाहेर पडू शकते. क्षारांचे स्फटिक व्हायचेच असतील तर ते गिलाव्यात होतात आणि पोपडा निघाला तर गिलाव्याचा निघतो. तो पुन्हा लावता येतो. दगड पुन्हा लावता येत नाही. पावसाळा संपला की भिंतींना सफेती करायची, कुठे गिलावा सुटला असेल तिथे हात मारायचा, ही गोव्यातल्या आणि कोकणातल्या घरांची, देवळांची, चर्चची वार्षिक रीत होती. त्यासाठी लागणारा चुनाही किनाऱ्यावरचाच, शिंपले भट्टीत भाजून केलेला. बॉम जीझस बांधणाऱ्यांना जांभ्याची ताकद आणि त्याची खोड दोन्ही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी बेसॉल्ट उघडा ठेवला आणि जांभा झाकला.

मग हा गिलावा काढला का? ते काम झालं पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्तझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली. कास्त्रो पोर्तुगालच्या ज्या सरकारी खात्यातले होते, त्याने हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत देशभरातल्या जुन्या चर्चवरचे नंतरचे थर काढून त्यांना ‘अस्सल’ मध्ययुगीन दगडी रूप देण्याचा सपाटा लावला होता. अंगाला चुना लागलेली जिवंत इमारत त्या नजरेला पुरेशी जुनी वाटत नसे. उघडा दगड म्हणजे प्राचीनता, अशी ती समजूत होती. ज्यांचे अवशेष या बॅसिलिकेत आहेत त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या मृत्यूला 1952 मध्ये 400 वर्षं होत होती आणि जुना गोवा जगाला दाखवायचा होता. त्या लाटेत बॉम जीझसची साल सोलली गेली. ही खोड काही एकट्या पोर्तुगालची नव्हती. इंग्लंडमध्ये तर एकोणिसाव्या शतकातच चर्चच्या भिंतींवरचा गिलावा खरवडण्याची एवढी साथ आली होती, की तिला विरोध करायला विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांना 1877 मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढावी लागली. तिचं टोपणनावच ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचं पडलं. कास्त्रो गोव्यात आले तेव्हा या इशाऱ्याला पाऊणशे वर्षं होऊन गेली होती.

गिलाव्याला विरोध करणारे एक मुद्दा हटकून मांडतात: सत्तर वर्षं झाली, चर्च पडलं का? नाही पडलं. पण दगडी इमारती पडतात कशा, हे पाहायला फार लांब जायला नको. बॅसिलिकेपासून चालत काही मिनिटांवर मॉन्ते सांतोची टेकडी आहे आणि तिच्यावर संत ऑगस्टिनच्या चर्चचे अवशेष. तिथला जांभ्याचा मनोरा 46 मीटर उंच होता. 1835 मध्ये धर्मसंघांना हद्दपार केल्यावर मठ ओस पडला. 1842 मध्ये आतलं कमानदार छत कोसळलं. त्यानंतर मनोरा आणि दर्शनी भिंत उघड्यावर उभ्या राहिल्या, त्याही जवळजवळ नव्वद वर्षं. त्या काळात कोणी विचारलं असतं, तर ‘अजून उभा आहे की’ हेच उत्तर मिळालं असतं. 1931 मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा खाली आला. आज त्या मनोऱ्याचा एक उभा तुकडा शिल्लक आहे, आणि त्याची भली मोठी घंटा पणजीच्या टेकडीवरच्या चर्चमध्ये वाजते. त्याच भग्नावशेषांत 2005 मध्ये जॉर्जियाच्या राणी केतेवानच्या अस्थी सापडल्या आणि त्यांचा अंश 2021 मध्ये जॉर्जियाला देण्यात आला. एका पडझडीखाली काय काय गाडलं जातं, त्याचा हा दाखला.

मला मान्य आहे, ऑगस्टिनचं चर्च बेवारस होतं आणि बॉम जीझस नांदती आहे. तिच्यावर छप्पर आहे, देखभाल आहे, रस्त्याकडच्या बाजूने भक्कम आधार-भिंती दिलेल्या आहेत. म्हणून ती उद्या पडेल असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की जड दगडी बांधकाम शेवटपर्यंत धीर धरतं आणि मग एकदम सोडतं. इटलीतल्या पाविया शहरातला मध्ययुगीन मनोरा 17 मार्च 1989 रोजी भर वस्तीत कोसळला आणि चार माणसं गेली. बाहेरून विटांचे पापुद्रे आणि आत डबराची भर, अशीच त्याची भिंत होती. भूकंप नाही, वादळ नाही. शतकानुशतकं वाहिलेल्या भाराने भरीत बारीक तडे साठत गेले होते आणि एके दिवशी सकाळी ते पुरे झाले. त्या घटनेनंतर जगभरच्या अभियंत्यांनी जुन्या दगडी भिंतींकडे पाहण्याची पद्धत बदलली. ‘इतकी वर्षं उभी आहे’ हा आता सुरक्षिततेचा पुरावा धरला जात नाही.

कोकणात तर उघड्या चिऱ्यांची घरं शेकड्याने आहेत, त्यांना काय होतं, असंही विचारतात. त्या घरांकडे जरा नीट पहा. छप्पर भिंतीपासून दोन-तीन हात पुढे आलेलं असतं, भोवती पडवी असते, पागोळ्या भिंतीपासून दूर पडतात. पावसाळ्याआधी झड लागणाऱ्या बाजूला नारळाच्या झावळ्यांचे झाप बांधायची पद्धत अजूनही कुठे कुठे आहे. आणि कुंपणाचा गडगा असतो तो दोन्ही बाजूंनी मोकळा, चटकन वाळणारा, आणि ढासळला तर पुन्हा रचायला कोणाची परवानगी लागत नाही. चर्चच्या एवढ्या उंच भिंतीला छपराची वळचण पुरत नाही. घराच्या चिऱ्यासाठी जाणता गवंडी दगड हातोडीने वाजवून, पारखून घेतो. गिलाव्याखाली जाणारे चिरे मात्र तेवढ्या काटेकोरपणे निवडायची गरज बांधणाऱ्यांना नव्हती. त्यांचं तोंड कधी पावसाला दिसणारच नव्हतं.

यापेक्षा वजनदार आक्षेप ओळखीचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आज गोव्यात साठीत असलेल्या माणसाने बॉम जीझस तांबडीच पाहिली आहे. त्याचा बाप्तिस्मा, त्याच्या मुलीचं लग्न, दर डिसेंबरच्या 3 तारखेचं फेस्त, सगळं याच रंगाच्या साक्षीने झालं. 1986 मध्ये युनेस्कोने गोव्याच्या चर्च आणि मठांना जागतिक वारशात घेतलं तेव्हाही ती अशीच होती. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत म्हटलं आहे की स्मारकाच्या बांधणीत प्रत्येक काळाने घातलेल्या मोलाच्या भरीचा मान राखला पाहिजे. मग विसाव्या शतकाने दिलेलं हे रूप का पुसायचं? माझं उत्तर असं: सनद भर घालण्याबद्दल बोलते. 1950 च्या दशकात इथे काही घातलं गेलं नाही, काढून घेतलं गेलं. आणि काढलेली गोष्ट शोभेची असती तर तो प्रश्न आवडीनिवडीचा राहिला असता. इथे भिंतीचं संरक्षणच गेलं. एखाद्या रूपावर आपलं प्रेम आहे म्हणून ते रूप इमारतीला खात असताना बघत बसायचं, याला जतन म्हणता येणार नाही. या भिंतींच्या आत 1624 पासून झेवियरचे अवशेष आहेत, तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठवलेली संगमरवरी समाधी आहे. 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात दशवार्षिक दर्शनासाठी लाखो लोक जुन्या गोव्यात येऊन गेले. त्यांतल्या किती जणांना भिंतीच्या रंगासाठी भिंत धोक्यात घालावीशी वाटेल?

शिवाय गिलावा म्हणजे दुधासारखा पांढरा, चकचकीत असाच काही नियम नाही. जुना थर कोपऱ्याकापऱ्यात, चौकटींच्या आडोशाला जिथे कुठे टिकून असेल, तिथून नमुने घेऊन त्याची वाळू, त्याचा चुना, त्याचा रंग तपासता येतो. वसईचा काळा दगड पूर्वीसारखाच उघडा राहील आणि हलक्या रंगाच्या भिंतीवर तो आजच्यापेक्षा किती तरी उठून दिसेल. आज काळा बेसॉल्ट आणि काळवंडलेला जांभा एकमेकांत मिसळून गेले आहेत. बांधणाऱ्याने मांडलेली दर्शनी भागाची रचना आपल्याला वाचताच येत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप, जो अभियंत्यांकडून येतो. सत्तर वर्षं भिजलेल्या, क्षार साठलेल्या, जाळी पडलेल्या जांभ्यावर नवा गिलावा टिकेल का? दोन पावसाळ्यांत फुगून पडला तर? ही भीती खरी आहे आणि गिलाव्याची मागणी करणाऱ्यांनी ती गंभीरपणे घेतली पाहिजे. घाईघाईत, निविदा काढून, चार महिन्यांत सगळी इमारत लिंपून टाकली तर तो गिलावा पडेलच, आणि पडताना चिऱ्यांची कातडीही घेऊन जाईल. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी छप्पर, पन्हळी आणि पायथ्याचं पाणी. छपराचं महत्त्व 2020 मध्ये सगळ्यांना कळलं, जेव्हा दुरुस्तीचं काम टाळेबंदीत अडकलं आणि पावसाळा तोंडावर आल्यावर बॅसिलिकेच्या धर्मगुरूंना जाहीरपणे चिंता व्यक्त करावी लागली. वरून गळत असेल तर बाहेरून कितीही चांगला चुना लावा, भिंत ओलीच राहणार.

त्यानंतर जिथे जिथे पूर्वी सिमेंटने दरजा भरल्या असतील, तिथलं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने काढायचं. जांभ्यासाठी सिमेंट हा सर्वात वाईट शेजारी. ते चिऱ्यापेक्षा कडक असतं, ओल अडवून धरतं आणि स्वतःचे क्षार सोबत आणतं. ओलीला सिमेंटमधून वाट मिळत नाही, म्हणून ती दगडातून बाहेर पडते आणि दगडच खाते. कोकणातल्या कितीतरी जुन्या भिंतींवर हे दिसतं: चिरे आत गेलेले आणि सिमेंटच्या रेघा चौकटीच्या जाळीसारख्या पुढे उभ्या. सिमेंट निघालं की पोकळ झालेल्या भरीत चुन्याचा पातळ मसाला सावकाश सोडायचा. गेलेल्या चिऱ्यांच्या जागी पारखलेले चिरे बसवायचे. क्षार ओढून घेण्यासाठी कागदाच्या लगद्याचे लेप द्यायचे, ते वाळले की काढायचे, पुन्हा द्यायचे. मग वेगवेगळ्या मिश्रणांचे नमुना-पट्टे लावून दोन-तीन पावसाळे त्यांच्याकडे पाहायचं, भिंतीतली ओल मोजायची. जो पट्टा टिकेल, ज्याच्यामागची भिंत वाळेल, त्याच मिश्रणाने पुढचं काम.

दगडावर पारदर्शक जलरोधक रसायन मारून रूप तसंच ठेवण्याचा पर्यायही सुचवला जातो. दिसायला तो सोयीचा आहे, कारण कोणालाच नाराज करावं लागत नाही. पण पाणी फक्त समोरून येत नाही. वरून, खालून, आतून येतं. आधीच ओल आणि क्षार असलेल्या दगडाचं तोंड असं बंद केलं तर स्फटिक त्या थराच्या मागे साठतात आणि पुढचा पापुद्रा अख्खा सुटून येतो. चुना चुकला तर खरवडता येतो. दगडाच्या भोकांत मुरलेलं रसायन बाहेर काढता येत नाही. चारशे वर्षांच्या वास्तूवर, मागे घेता न येणारा उपाय पहिल्यांदा करून पाहणं मला तरी पटत नाही.

हे सगळं आपल्या पुरातत्त्व खात्याला नवीन आहे असंही नाही. दिल्लीतल्या हुमायूनच्या कबरीवर आगा खान ट्रस्टबरोबर त्यांनी 2013 पर्यंत जे काम केलं, त्यात छतावरून सुमारे 10 लाख किलो सिमेंट काँक्रीट काढून टाकलं आणि चुन्याचं काम पुन्हा उभं केलं. तेव्हाही नव्या पांढऱ्या गिलाव्यावर टीका झाली होती. आज तिथे जाणाऱ्याला तो गिलावा खटकत नाही. 2014 च्या राष्ट्रीय संवर्धन धोरणात पारंपरिक साहित्य आणि कारागिरांना मानाचं स्थान आहे. म्हणजे ज्ञानही आहे, धोरणही आहे; अडतं ते निर्णयाशी.

आणि हा निर्णय फक्त गोव्यापुरता नाही, म्हणून मराठी वाचकाने त्यात लक्ष घालावं असं मला वाटतं. उघड्या दगडाचं वेड आपल्याकडेही जोरात आहे. पेशवाईतल्या विटा-चुन्याच्या शिखरांवरचा संदला, म्हणजे चुन्याचा गुळगुळीत लेप, खरवडायचा, किंवा त्याच्यावर हवा न जाणारा तैलरंग चोपडायचा. काळ्या पाषाणाचं देऊळ ‘मूळ स्वरूपात’ आणायचं म्हणून भिंतींवर वाळूचा मारा करायचा. किल्ल्याच्या तटबंदीत उत्साहाने सिमेंट भरायचं, ही कामं गावोगाव चालू आहेत आणि करणाऱ्यांची श्रद्धा खरी असते, म्हणून तर त्यांना कोणी थांबवत नाही. जुलै 2025 मध्ये मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात गेले. त्यांत जांभ्याचा विजयदुर्ग आहे आणि सुवर्णदुर्गही, दोन्ही समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात उभे. बॉम जीझसच्या भिंतीवर आपण जे शिकू, ते उद्या तिथे उपयोगी पडणार आहे. आणि गोव्यातच नार्व्याचं सप्तकोटेश्वर मंदिर पाहा. शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्याचा जीर्णोद्धार करवला, आणि आताच्या जीर्णोद्धारानंतर 2023 च्या फेब्रुवारीत ते पुन्हा खुलं झालं. गिलाव्यातलं, रंगवलेलं ते देऊळ पाहून कोणाच्याही मनात येत नाही की याचे चिरे उघडे करायला हवेत.

यातली खरी अडचण मला चुन्याची वाटते. चांगला चुना हा वेळ खाणारा माल आहे. शिंपले किंवा चुनखडी सुमारे 900 अंशांवर भाजायची, कळीचा चुना पाण्यात विरवायचा, काही आठवडे मुरू द्यायचा, घाणीत वाळूबरोबर मळायचा. किल्ल्यांवर दगडी चाकाच्या त्या गोल घाणी आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचा गर घालायचं प्रमाण प्रत्येक गावच्या गवंड्याचं वेगळं. लावल्यावरही गिलावा दिवसेंदिवस ओला ठेवावा लागतो, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड पिऊन सावकाश पुन्हा दगड होतो. सरकारी कामाचं वेळापत्रक नेमकं याच्या उलट. पैसे जानेवारी-फेब्रुवारीत सुटतात, मार्चअखेर बिलं निघावी लागतात, जूनमध्ये पाऊस. सगळ्यात कमी दर भरणाऱ्याला काम द्यायचं म्हटलं की चुना विरवत बसणारा गवंडी स्पर्धेतून बाद होतो आणि सिमेंटची पोती घेऊन येणारा ठेकेदार आत येतो. बॉम जीझसच्या कामासाठी किमान पाच वर्षांची सलग तरतूद, जागेवरच चुन्याची भट्टी आणि घाणी, आणि रोजंदारीऐवजी कायम पगारावर ठेवलेले गवंडी, एवढं तरी हवं. गोव्या-कोकणात आज चुन्याचा हात असलेले म्हातारे गवंडी बोटांवर मोजण्याइतके उरले असतील. त्यांच्या हाताखाली वीस-पंचवीस पोरं तयार झाली, तर बॉम जीझसनंतर कितीतरी देवळांना, चर्चना आणि वाड्यांना त्यांचा उपयोग होईल.

पुरातत्त्व खात्याने येत्या ऑक्टोबरात, पाऊस ओसरला की, पहिले नमुना-पट्टे लावावेत. प्रत्येकाचं मिश्रण आणि दर पावसाळ्यातल्या ओलीच्या नोंदी तिथेच फलकावर मराठी, कोकणी आणि इंग्रजीत मांडाव्यात. आणि हे पट्टे मागच्या अंगणात, कोणाच्या नजरेला पडू नयेत अशा जागी नकोत. त्यांतला एक रस्त्याकडच्या भिंतीवर असावा, वाद घालणाऱ्या प्रत्येकाला येता-जाता दिसेल असा. आज हयात असलेल्या जवळजवळ कोणीही चुन्यातली बॉम जीझस पाहिलेली नाही. निदान चार हात रुंदीपुरती ती लोकांना पाहू द्या, मग त्यांचं मत विचारा.